ताईची रोजची सायकल : प्रकल्प नोंदी

१० एप्रिल २०२४

पाडव्याला सायकल घरात आली. काम नेमकं काय आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे दुकानात उभं राहिल्यावर मन भरकटणार नाही.

ताईला पुण्यात कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतून विद्यापीठात कामाला सायकलने जायचंय. रविवारची हौस म्हणून नव्हे, रोज, आणि पावसाळ्यातही. एका बाजूचं अंतर साधारण आठ किलोमीटर. रस्ता असा: कर्वे रस्ता, नळस्टॉप, लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्त्याचा चढ, मग चतुःशृंगीकडे उतार आणि विद्यापीठ. सोबत डबा, बाटली, कधी लॅपटॉप, कधी दोन-तीन जाड पुस्तकं. अंगावर बहुतेक सलवार-कमीज आणि ओढणी, कार्यक्रम असला की साडी. परत निघायला साडेसहा होतात, म्हणजे थंडीत अख्खा परतीचा रस्ता अंधाराचा.

सायकल जुनी घेतली आहे. स्टीलची फ्रेम, दांडी खाली उतरलेली, ७०० ची चाकं, पुढे एकच चेनव्हील (पायडलजवळचं दात्यांचं चाक) आणि मागे सात गिअर, रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे व्ही ब्रेक. फ्रेमला कुठे तडा नाही, पुढचं चाक धरणारा चिमटा सरळ आहे, आणि कॅरियर-मडगार्ड बसवायला लागणारी आट्यांची भोकं चारही ठिकाणी आहेत. जुनी सायकल बघताना रंग शेवटी बघावा. ही भोकं नसतील तर पुढचं सगळं जुगाडावर येतं आणि जुगाड खड्ड्यांत टिकत नाही.

हल्लीच्या चकचकीत सायकलींवर काहीच नसतं. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँड नाही, दिवा नाही. ते सगळं वेगळं विकत घ्यायचं, आणि त्यातलं बरंचसं काढ-घाल करण्याजोगं. आजोबांची काळी अठ्ठावीस इंची सायकल दुकानातून निघायची तीच पूर्ण होऊन: मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर, स्टँड, मागच्या चाकाला कुलूप, घंटी. डायनामो तेवढा जास्तीचे पैसे देऊन. ती खेळाची वस्तू नव्हती, घरातलं वाहन होतं. नगरपालिका तिच्यावर कर घेऊन बिल्ला द्यायची आणि रात्री दिवा नसला तर पोलीस अडवायचे. मला ताईसाठी तसंच वाहन उभं करायचंय.

म्हणून निवडीची कसोटी एकच. सकाळच्या घाईत आठवणीने घ्यावी, लावावी किंवा चार्ज करावी लागेल अशी वस्तू शक्यतो नको. लागेल ते सायकलवरच बोल्टने बसलेलं हवं.

१४ एप्रिल

दिवसभर सायकल खोलली. टायरवर ३५-६२२ असा आकडा आहे, आणि खरेदीला जाताना खिशात हाच आकडा न्यायचा. ६२२ म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये, ३५ ही रुंदी. तोंडी बोलताना याच चाकाला कुणी ७००, कुणी अठ्ठावीस, कुणी एकोणतीस म्हणतं. पण आपल्या जुन्या काळ्या सायकलींचं अठ्ठावीस, म्हणजे २८ गुणिले दीड, ते ६३५ असतं. तेरा मिलिमीटरचा फरक, तो टायर या रिमवर कधीच बसायचा नाही. सव्वीस म्हणावं तर गिअरच्या सायकलींचं ५५९ आणि जुन्या लेडीज सायकलींचं ५९०. पेठेत टायर मागताना नाव सांगू नये, आकडा दाखवावा.

चेन मोजली. चेनची एक कडी अर्धा इंच, म्हणून एका पिनेवर स्टीलच्या पट्टीचा शून्य ठेवला की बारा इंचांवर बरोबर पिन यायला हवी. ती सोळांश इंच पुढे गेली तर चेन अर्धा टक्का ताणली आहे, एक अष्टमांश गेली तर एक टक्का. ही एक अष्टमांशाच्याही पलीकडे आहे. इतकी ताणलेली चेन मागच्या दात्यांना स्वतःच्या मापाने झिजवून ठेवते. नुसती नवी चेन टाकली तर ती जुन्या दात्यांवर घसरते. चेन आणि फ्रीव्हील (मागच्या दातऱ्यांचा संच) दोन्ही बदलायचं.

पायडल काढले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तो उघडायला पाना उजवीकडे फिरवायचा. हे ठाऊक नसताना जोर केला की क्रँकचे, म्हणजे पायडलच्या दांड्याचे, आटे जातात.

२० एप्रिल

गिअरचा हिशेब. सगळ्यात जास्त विचार इथेच लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

पुढचं चेनव्हील ४२ दात्यांचं, मागे १४ ते २८. मी ३८ रुंदीचा टायर टाकणार आहे. त्याने चाकाचा परीघ साधारण २.१९ मीटर होईल. म्हणजे पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की सगळ्यात जड गिअरला सायकल साडेसहा मीटर पुढे जाते, सगळ्यात हलक्याला ३.३ मीटर. तुलनेसाठी जुन्या काळ्या सायकलीचा हिशेब मांडला. पुढे ४८ आणि मागे १८ दाते असले तर एका फेऱ्यात जवळपास सहा मीटर. आजोबा तेवढ्या एकाच गिअरवर गाव फिरायचे आणि चढ आला की उतरून हातात घेऊन चालायचे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

पण ताई ऑफिसला पोचणार आहे. सेनापती बापट रस्त्याचा चढ दिसायला सौम्य असला तरी लांब आहे. डब्याची बॅग मागे, डावीकडून बस थांब्यात शिरतेय, उजवीकडून दुचाक्या. तिथे मिनिटाला पंचेचाळीस-पन्नास फेरे आरामात मारता यायला हवेत, दम न लागता. ३.३ मीटर त्यासाठी जड आहे. पुढचं चेनव्हील लहान केलं असतं तर सगळेच गिअर हलके झाले असते, पण या क्रँकवर चेनव्हील रिव्हेटने ठोकलेलं आहे. ते सुटत नाही, पूर्ण क्रँक बदलावा लागेल.

मग मागचं फ्रीव्हील बघितलं. सात दातऱ्यांच्या फ्रीव्हीलमध्ये शिमानो कंपनीचं १४ ते ३४ असं एक मिळतं. त्याची रचना मला फार आवडते: १४, १६, १८, २०, २२, २४ आणि मग एकदम ३४. पहिल्या सहा दातऱ्या आत्ताच्या फ्रीव्हीलसारख्याच, फक्त शेवटची २८ ची जागा ३४ घेते. रोजच्या सपाट रस्त्यावर काहीच बदलत नाही, आणि चढासाठी एक राखीव गिअर मिळतो: एका फेऱ्याला २.७ मीटर. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांनी ताशी सव्वासात किलोमीटर. इतक्या वेगात सायकल डुगडुगत नाही आणि छातीही भरून येत नाही. २४ वरून ३४ ही उडी मोठी आहे, बदलताना पायाला जाणवते. पण हा गिअर फक्त चढाच्या पायथ्याशी एकदा टाकायचा आणि माथ्यावर काढायचा. तिथे उडी चालते.

हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या, आत गिअर असलेला पर्यायही प्रामाणिकपणे तोलून बघितला. तीन गिअरच्या हबमध्ये सगळी यंत्रणा बंद डब्यात, पावसाचं पाणी लागत नाही, उभ्या जागी गिअर बदलता येतो, आणि चेनला पूर्ण कव्हर घालता येतं, म्हणजे ओढणीची चिंताच संपली. ताईच्या कपड्यांना तेच सगळ्यात योग्य ठरलं असतं. अडलं दोन ठिकाणी. जुन्या नामांकित तीन गिअरच्या हबमध्ये हलका गिअर मूळच्या पाऊणपट आणि जड एक-तृतीयांशाने जास्त असतो. हलक्या-जडातलं गुणोत्तर १.७७ च्या आसपास. चौदा-चौतीसमध्ये ते २.४३ आहे. दुसरं, तो हब बिघडला तर कोथरूडमध्ये कोण उघडणार? सात गिअरचं फ्रीव्हील कुठल्याही दुकानात मिळतं आणि कुठलाही कारागीर बसवतो. रोजच्या वाहनाची दुरुस्ती त्याच दिवशी व्हायला हवी. सपाट गावात, सांगली-मिरजेसारख्या ठिकाणी, मी हबचाच गिअर घेतला असता.

२१ एप्रिल

फ्रीव्हील निघता निघेना. पायडल मारण्याच्या जोरानेच ते वर्षानुवर्षं आवळत जातं. योग्य दात्यांचा पुलर शिकंज्यात धरून, चाकच स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी फिरवलं, तेव्हा सुटलं. नवं बसवताना आट्यांना भरपूर ग्रीस. नवी चेन ३४ दात्यांच्या मानाने तीन-चार कड्या लांब ठेवली.

२८ एप्रिल

दिवे. बाजारात चार्जिंगचे दिवे खूप आहेत आणि वाईट नाहीत. दोनशे-तीनशे ल्युमेनचा पुढचा दिवा रस्त्यावरच्या दिव्यांसोबत पुरतो. पण ते रबरी पट्ट्याने अडकवायचे, कुठेही उभी केली की चोरीच्या भीतीने काढून पर्समध्ये टाकायचे, रात्री चार्जिंगला लावायचे. ताईच्या घरी रात्री दोन मुलांचे अभ्यास, उद्याच्या डब्याची तयारी आणि तीन फोनचं चार्जिंग असतं. दिव्याचं राहणार, आणि नेमकं थंडीत राहणार. माझी कसोटी इथे सगळ्यात कडक लावायला हवी, कारण दिवा हा जिवाचा प्रश्न आहे.

टायरला घासणारा जुना बाटलीसारखा डायनामो कायम बसलेला असतो हे खरं, पण भर पावसात ओल्या टायरवर त्याची चकती घसरते आणि हवा तेव्हाच दिवा जातो. शिवाय पाय जड होतात.

म्हणून हब डायनामो. पुढच्या चाकाच्या हबमध्येच चुंबक आणि वेटोळं. घासणारा भागच नाही. सहा व्होल्ट, तीन वॉट. तीन वॉट ऐकायला कमी वाटतात, पण आजच्या एलईडीला ते भरपूर आहेत. चाक फिरलं की वीज. पुढचा दिवा असा निवडला की ज्याच्या झोताला वरून सरळ काप असतो. उजेड रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. दोन्ही दिव्यांत थोडी वीज साठवणारा छोटा कपॅसिटर आहे, त्यामुळे सिग्नलला थांबल्यावरही ते काही मिनिटं तेवत राहतात. मागचा लाल दिवा कॅरियरला बोल्टने.

हब मागवायला लागला, इथे सहज मिळत नाही. सगळ्या प्रकल्पातला सर्वांत मोठा खर्च हाच, आणि तो मी आनंदाने केला.

५ मे

हब आला. पुढची रिम ३६ भोकांची, हबही ३६ चा मागवला होता. आता चाक विणायचं, म्हणजे स्पोक ओवून हब रिमला जोडायचा. मी मोडकंतोडकं विणू शकतो, पण ज्या चाकावर ताई बसणार ते कसलेल्या हाताने विणलेलं हवं, म्हणून पेठेतल्या काकांकडे गेलो. वडिलांपासूनचं दुकान, रुंदी जेमतेम एका सायकलीची.

डायनामो हबची कड मोठी असते, त्यामुळे जुने स्पोक लांब पडतात. नवे कापून घ्यावे लागले, चौदा गेजचे. काकांनी आधी रिम हातात फिरवून विचारलं, “कुणासाठी रे?” मी म्हटलं, बहिणीसाठी, रोज ऑफिसला जाणार. “मग घाई करू नकोस, उद्या ये.” मी म्हटलं, काका, मी इथेच बसतो, मला बघायचंय.

जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असायचे, कारण भार मागे असतो, हे त्यांनी विणता विणता सांगितलं. एकेक स्पोक तीन स्पोकांना ओलांडून जातो, शेवटच्याच्या खालून. सगळे बसल्यावर चाक स्टँडवर चढवून आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला. डावा-उजवा आउट काढणं सोपं, वर-खालचा अवघड. मग स्पोक बोटाने छेडत चाकाभोवती गेले. ताण सारखा असेल तर सूर सारखा येतो. एकाचा आवाज बसका आला की निपलला (स्पोकच्या टोकाच्या नटला) पाव फेरा. शेवटी चाक आडवं धरून दोन्ही हातांनी रिमवर भार दिला, स्पोक करकरले आणि आपापल्या जागी बसले, पुन्हा आउट काढला. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात, आणि मग चाक पंधरा दिवसांत वाकडं होतं.

रिम ॲल्युमिनियमची आहे ना, हे त्यांनी दोनदा बघितलं. स्टीलच्या चकचकीत रिमवर पावसात ब्रेक जवळजवळ लागतच नाही, ती कितीही मजबूत असली तरी पुण्याच्या पावसात आणि उतारावर नको. माझंही तेच मत.

७ मे

तारा फ्रेमच्या खालून नेल्या. पुढच्या चाकाजवळ थोडी सैल वेटोळी ठेवली, हँडल पूर्ण वळलं तरी ताण यायला नको. रात्री गल्लीत फेरी मारली. दिवा उत्तम.

१२ मे

मडगार्ड. सीटच्या दांडीला चिमटीने अडकवायचे छोटे मडगार्ड फक्त पाठीवरची चिखलाची रेघ वाचवतात. ताईला पूर्ण लांबीचे हवेत. रुंदी टायरपेक्षा आठ ते बारा मिलिमीटर जास्त असावी. ३८ च्या टायरला ४६ ते ५० चं मडगार्ड. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला रबरी फ्लॅप, जमिनीपासून चार बोटं वर. हा फ्लॅप स्वस्तातला सर्वांत उपयोगी भाग आहे: पुढचं चाक जे पाणी उडवतं ते सरळ पावलांवर आणि चेनवर येतं, आणि फ्लॅप ते अडवतो. दुकानातला फ्लॅप आखूड होता. जुन्या रबरी पायपुसण्याचा तुकडा कापून दोन बोल्टने लावला.

मडगार्डच्या सळया बसवताना पुढच्या सळयांना दाब आला की सुटणारी क्लिप घेतली. काटकी अडकून मडगार्ड चाकात गुंडाळलं गेलं तर माणूस हँडलवरून पुढे जातो. क्लिप असेल तर सळई सुटते आणि चाक फिरत राहतं.

१८ मे

कॅरियर, बॅग आणि स्टँड. तिघांचा विचार एकत्रच करावा लागतो.

पाठीवरची सॅक ताईने आधीच नाकारली. मे महिन्यात आठ किलोमीटर सॅक घेऊन सायकल चालवली की कुर्ता पाठीला चिकटतो, हे तिचं म्हणणं अगदी बरोबर. पुढची टोपली दिसायला छान, पण हँडलला टांगलेलं वजन वळताना हाताला ओढतं, आणि पावसात टोपलीतलं सगळं भिजतं. मागचं कॅरियर घेतलं, पंचवीस किलो क्षमतेचं, चारही पाय फ्रेमच्या भोकांत. भाच्याने लगेच विचारलं, मला डबलसीट नेणार का. नाही. पंचवीस किलो सामानाचे, माणसाचे नव्हेत. बोल्ट बोहरी आळीतून स्टेनलेसचे आणले, स्प्रिंग वायसरसकट. सायकलीबरोबर येणारे साधे बोल्ट एका पावसाळ्यात गंजतात आणि मग सुटत नाहीत.

बॅग शिवून घेतली. रिक्षाची हूड शिवणारे एक काका आमच्याकडे आहेत. त्यांना ट्रकच्या ताडपत्रीचं जाड कापड, आत पातळ प्लायवूडची पाठ आणि कॅरियरच्या दांडीवर बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या दोन आकड्या असं चित्र काढून दिलं. तोंड गुंडाळून बंद करायचं, झिप नाही, कारण पाणी झिपच्या शिवणीतूनच आत शिरतं. टाच लागू नये म्हणून बॅग दोन बोटं मागे सरकवली. ती डावीकडे टांगायची. आपल्याकडे मागून येणारी वाहनं उजवीकडून पुढे जातात. बाहेर आलेली बॅग त्यांच्या वाटेत नको.

इथे स्टँडचा प्रश्न येतो. साइड स्टँडवर सायकल डावीकडेच कलते, आणि तिकडेच भरलेली बॅग. हलक्या धक्क्याने आडवी होईल. म्हणून दोन पायांचा मधला स्टँड. थोडा जड आहे, पण सायकल सरळ उभी राहते आणि बॅग दोन्ही हातांनी भरता येते.

१९ मे

कपडे आणि चेन. चेनव्हीलच्या बाहेरून पूर्ण गोल प्लास्टिकची चकती लावली, सलवारीचा घेर दात्यांत जाणार नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वरच्या अर्ध्या भागावर ड्रेसगार्डची जाळी. ओढणी किंवा पदर वाऱ्याने मागे गेला तरी स्पोकांपर्यंत पोचत नाही. उजवीकडे जाळी आणि चेनमध्ये बोटभर जागा ठेवली. ओढणी बांधून घ्यायची हे ताईला मी सांगायची गरज नाही, ती स्कूटीवरही तसंच करते. पण एखाद्या दिवशी गाठ सुटली तर जाळी हवी.

२५ मे

टायर आणि व्हॉल्व्ह. ३८ रुंदीचे, आतून पंक्चर अडवणारा पट्टा असलेले, जवळजवळ गुळगुळीत. दुकानदार खोल नक्षीचे टायर देऊ करत होता, पावसात पकड चांगली म्हणून. डांबरी रस्त्यावर सायकलीच्या वेगाला आणि एवढ्या अरुंद टायरला पाण्यावर तरंगण्याची भीती नसते. पकड रबराच्या जातीवर आणि हवेवर ठरते. खोल नक्षी मातीसाठी. डांबरावर ती नुसती गुणगुणते आणि पाय जड करते.

हवा: ताईच्या वजनाला मागे पंचावन्न पीएसआय, पुढे पंचेचाळीस. टायरवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, रोज भरायची हवा नव्हे. पूर्ण टणक टायर पुण्याच्या खड्ड्यांत मनगटं आणि पाठ दोन्ही दुखवतो.

ट्यूब मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हची घेतली. बारीक लांब व्हॉल्व्ह शर्यतीच्या सायकलींना असतो, त्याला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं नोझल बसत नाही. एक जास्तीची ट्यूब आणि पंधरा नंबरचा पाना सीटखाली कायमचा बांधून ठेवला. पावसात ओल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही, त्यामुळे ठिगळ लावत बसण्यापेक्षा पंक्चरवाल्याकडून ट्यूबच बदलून घ्यायची.

२६ मे

ब्रेकचे रबर बदलले, दोन्ही चाकांचे. रबराची वरची कड रिमच्या कडेच्या एक मिलिमीटर खाली. वर गेली तर टायर कापते, खाली गेली तर स्पोकांकडे सरकते. केबल आणि बाहेरची आवरणं नवी.

सीटची उंची: टाच पायडलवर ठेवल्यावर पाय सरळ व्हावा, हे मूळ माप. ताई बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसतेय, म्हणून सध्या दोन सेंटिमीटर खाली ठेवली. सिग्नलला पाऊल पूर्ण टेकलं की माणूस निर्धास्त असतो. हँडल उंच आणि मागे वळलेलं, त्यामुळे ती ताठ बसते. ताठ बसणाऱ्याला सीट रुंद लागते. उजव्या मुठीला आरसा. पितळी घंटी.

१ जून

कुलूप आणि हेल्मेट. मागच्या चाकाला मिठी मारणारं गोल कुलूप फ्रेमला बोल्टने बसवलं. दूध, भाजी, औषध एवढ्यापुरतं ते पुरतं. ऑफिसच्या स्टँडसाठी जाड साखळीचं कुलूप घेतलं, पण ते वागवायचं नाही: स्टँडच्या लोखंडी दांडीलाच ते रात्रंदिवस लावलेलं राहील, ताई येताना-जाताना फक्त किल्ली फिरवेल. साखळी फ्रेम आणि मागचं चाक दोन्हीतून ओवायची. नुसत्या पातळ केबलच्या कुलुपावर विसंबू नये, ते हातातल्या कटरने तुटतं.

हेल्मेट ही एकच मोठी वस्तू जी बोल्टने बसत नाही. सायकलस्वाराला ते कायद्याने सक्तीचं नाही. मी ताईला ते घालायलाच लावणार आहे. आत ईएन १०७८ या युरोपीय मानकाचा शिक्का बघितला. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्यांचा इंग्रजी व्ही कानांच्या खाली, हनुवटीखाली एक बोट जाईल इतपत सैल. आतला फोम एकदा आदळला की दबून काम करतो आणि पुन्हा उठत नाही, म्हणून पडल्यावर हेल्मेट बदलायचंच, वरून नीट दिसलं तरी. तिने ते आतापासून बॅगेच्या आकडीलाच अडकवून ठेवायला सुरुवात केली आहे.

१२ जून

पाऊस सुरू झालाय. ताईची रोजची ये-जा आता सायकलनेच. संध्याकाळी आली तेव्हा सलवारीच्या कडेवर चिखल नव्हता. रबरी फ्लॅपला सगळं श्रेय.

पावसाळी कपड्यांबद्दल आमचं एकमत लगेच झालं नाही. पोंचो हँडलवर पसरला की खाली हवा खेळते, घाम येत नाही, हे त्याचं मोठं सुख. पण बापट रस्त्याच्या माथ्यावर वारा सुटला की त्याचं शीड होतं. ताईने काखेत उघडणारं, पाठीमागे लांब असलेलं जॅकेट पसंत केलं आणि खाली पँट नकोच म्हणाली: ऑफिसच्या कपाटात एक सलवार ठेवलेली बरी. पायात रबरी सँडल. जॅकेटचा रंग भडक पिवळा. तिला फिका निळा हवा होता. इथे मी हट्ट धरला, कारण पावसात करड्या रस्त्यावर निळं दिसतच नाही.

झेब्रा पट्टे, मॅनहोलची झाकणं आणि मेट्रोच्या कामाजवळ टाकलेल्या लोखंडी पत्र्यांवरून ओल्यात वळायचं नाही, सरळ जायचं, ब्रेक त्याच्या आधी. रिम ओली असताना पहिल्या फेऱ्यात ब्रेक फक्त पाणी पुसतो. म्हणून उताराच्या आधीच हलका दाबून रिम कोरडी करायची. हे तिच्या हातात दोन दिवसांत बसलं.

३० जून

चेन. पावसाळ्यात दर आठवड्याला: कोरड्या फडक्याने पुसायची, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एकेक थेंब, पाच मिनिटं पायडल उलटे फिरवायचे, वरचं तेल पुन्हा पुसून काढायचं. तेल आत हवं. बाहेर राहिलेलं तेल वाळू धरतं आणि तीच चेन खाते. गंज सोडवायच्या फवाऱ्याने चेन स्वच्छ होते, पण तो वंगण नाही. पाणी हटवणं हे त्याचं काम, त्यानंतर तेल द्यावंच लागतं. मोटरसायकलचं इंजिन ऑइल टाकलं तर चेन काळी राड होते.

हे काम मी रविवारी जाऊन करतो. पुढच्या महिन्यापासून भाचा शिकणार आहे.

२५ जुलै

रात्रभर मुसळधार. खडकवासल्यातून मोठा विसर्ग, एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, भिडे पूल पाण्याखाली. ताईचा रस्ता नदी ओलांडत नाही, तरी तिला म्हटलं, आज सायकल नको. रस्त्यावर तळ दिसत नसेल इतकं पाणी असलं की सायकल घालायची नाही, हा आमचा पक्का नियम: खड्डा दिसत नाही, उघडं झाकण दिसत नाही. आणि पाणी चाकाच्या हबपर्यंत चढलं तर आतलं ग्रीस धुऊन जातं, छर्रे गंजतात. दिवसभर एकतानगरीतल्या ओळखीच्या लोकांचे फोन चालू होते. मन लागलं नाही.

११ ऑगस्ट

सायकल खोलून तपासणी. पुढचा हब मुलायम. मागच्या हबचे कोन, म्हणजे छर्रे धरून ठेवणारे शंकूसारखे नट, किंचित सैल होते, नवं ग्रीस घालून आवळले. बोल्ट सगळे जागेवर. चेन पट्टीवर मोजली, ताण दिसत नाही. ब्रेकचे मागचे रबर निम्मे झिजलेत. पावसातली वाळू रबर आणि रिम दोन्ही खाते, म्हणून रबरात रुतलेले बारीक खडे आणि धातूचे चकचकीत कण टाचणीने उकरून काढले. रिमवरची झीज दाखवणारी खाच अजून स्पष्ट आहे.

ताईच्या मागण्या: सीट आता एक सेंटिमीटर वर हवी (केली), घंटी अंगठ्याच्या आणखी जवळ (केली), आणि बॅगेला खांद्यावर अडकवायचा पट्टा, कारण जिना चढताना हातात धरून बोटं दुखतात. पट्ट्यासाठी बॅग हूडवाल्या काकांकडे दिली आहे, शुक्रवारी मिळेल. ऑफिसमधल्या एका सहकारी बाईंनी तिला विचारलंय की अशी सायकल कुठे मिळते. त्यांच्याकडे घरी पडून असलेली एक लेडीज सायकल आहे. ताईने त्यांना चाकाच्या टायरवरचा आकडा लिहून आणायला सांगितलंय.

उरलेली कामं: गणपतीच्या आधी मागचे ब्रेकचे रबर, दिवाळीच्या आधी मागच्या दिव्याची तार झाकणारी नळी.